मामा, तुम्हाला दिसत होतं

मामा,

गेल्या रविवारी अर्धापुरात तुमच्या पुण्यानुमोदनाला मांडव अपुरा पडला. भंतेजींच्या गाथा झाल्या, जलदान विधी झाला आणि मग माइक एकेकाच्या हातात फिरू लागला. नांदेड स्टेशनवर तुमच्याबरोबर टांगे लावणारे दोघं म्हातारे बोलले. वरातीत तुमच्या बग्गीपुढं वाजवणारा बँडवाला बोलला. सगळ्यांनी तुमच्या हाताचं कौतुक केलं आणि सगळे शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबले. "नजरेनं दगा दिला हो, न्हाईतर तुळशीराममामासारखा जोडी हाकणारा ह्या भागात नव्हता." माना हलत होत्या. मागं बॅनरवर तुमचा जाड भिंगांच्या चष्म्यातला फोटो होता. मग कुणीतरी म्हणालं, "भाच्याला द्या माइक, मास्तर माणूस हाय." मी उठलो आणि आठ-दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो म्हणे. तुमच्या नजरेबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

त्या मांडवात एकट्या मला ठाऊक होतं की तुमचे डोळे शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत होते. दुसरे ठाऊक असणारे तुम्ही, आणि तुम्ही बॅनरवर होता.

तिथं जे बोललो नाही ते इथं लिहितो. शाळेत मी पोरांना निबंध शिकवतो आणि मुद्द्यानं सुरुवात करा असं बजावतो. स्वतःवर आलं की मीही पाल्हाळ लावणार, हे तुम्हाला नवीन नाही. तुम्ही म्हणायचात, "सुदा, तू लगाम धरायच्या आधी भाषण करतोस." तर हे भाषणच समजा.

चैत्यापासून सुरुवात करतो. साळू घोडीचा जोडीदार राजा पोटशूळानं गेला आणि तुमची बग्गी शेडखाली उभी राहिली. साळू रोज सकाळी साज घालून घ्यायला मान पुढं करायची आणि तुम्ही तिला नुसतं थोपटून परत फिरायचात. मग माळेगावच्या जत्रेला आपण दोघं गेलो, मी लातूरहून, तुम्ही अर्धापूरहून. तिथं तुम्हाला ते तांबडं तट्टू दिसलं, अडीच वर्षांचं, कपाळावर पांढरा ठिपका. लोक दात बघतात, खूर उचलून बघतात. तुम्ही दहा हात लांब उकिडवे बसलात आणि अर्धा तास त्याचे कान बघत राहिलात. मी कंटाळून दोनदा चहा पिऊन आलो.

"बग," तुम्ही म्हणालात, "पाळण्याचा आवाज आला की एक कान तिकडं जातो, पन दुसरा मालकाकडंच. ह्याला ऐकू लई येतं. असलं घोडं शिकतं बी लवकर आन् भितं बी लवकर."

जत्रेतून आणलं तरी त्याचा जन्म चैत्रातला होता, म्हणून तो चैत्या झाला.

अर्धापूरच्या मागं केळीच्या बागांमधून कालव्याच्या कडेनं जाणारी वाट ही तुमची शाळा. पहिला महिना गाडी नाहीच. अंगावर नुसता साज, तोंडात लगाम, आणि लांब पट्टे धरून तुम्ही मागून पायी चालत होता. जत्रेनंतरच्या एका सुट्टीत मी मोबाइलवर परदेशी लोकांचे घोडे शिकवायचे व्हिडिओ शोधून तुम्हाला दाखवले. तुम्ही एक अख्खा व्हिडिओ शांतपणे बघितलात आणि विचारलंत, "चैत्याला हे इंग्रजी कळंल का?" मामी हसायला लागली ती थांबेना. मला राग आला होता. आता वाटतं, तुम्ही माझी एवढी थट्टा करायचात तेव्हा आपलं बरं चाललं होतं.

चैत्या कशाला भ्यायचा, तर वाळलेल्या केळीच्या पानांना. वाऱ्यानं ती खडखडली की तो चारी पायांनी जागेवरच नाचायचा. दुसरा एखादा असता तर त्यानं वाट बदलली असती. तुम्ही त्याचा खुराकच त्या पानांच्या ढिगाऱ्यात ठेवायला सुरुवात केलीत. दोन दिवस उपाशी उभा राहिला, तिसऱ्या दिवशी तोंड घातलं. मग टायर ओढायचा. मग खाताना शेजारी मामीनं थाळी वाजवायची, रोज थोडी जोरात. मग माझ्या मोबाइलवर डीजेची गाणी, आधी बारीक आवाजात. मामी म्हणायची, "ह्या घोड्यापायी मला येड लागंल." पण थाळी तीच वाजवायची.

नंतर त्याला साळूच्या शेजारी जुंपलं. मधे दांडी, उजवीकडं साळू, डावीकडं चैत्या. रस्त्यावरून जाणारे केळीचे ट्रक साळूच्या बाजूनं जावेत आणि पोरगं आतल्या बाजूला राहावं, म्हणून ही मांडणी. पहिल्या दिवशी तो इतका शहाण्यासारखा चालला की मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मला खाली उतरून बाजूनं बघायला सांगितलंत. चैत्याच्या बाजूचे जोत, गाडी ओढायचे पट्टे, ढिले लोंबत होते. तो नुसता सोबत चालत होता आणि गाडी एकटी साळू ओढत होती.

"दिसलं का? तिच्या जिवावर मिरवून राहिला," तुम्ही म्हणालात. "हे मोडाया दोन महिने लागतील. आन् वरातीला न्यायला एक अख्खा सीझन. आधी वरातीच्या मागनं नुसतं चालवायचं, ऐकू द्यायचं."

त्याला पहिल्यांदा कुठं न्यायचं हेही तुमचं ठरलेलं होतं. कंधारला, आपल्या गावी, जयंतीच्या मिरवणुकीत. बग्गीत बाबासाहेबांचा फोटो, पुढं लेझीम, आणि साळू-चैत्याची जोडी. ज्या गल्लीत तुमच्या वडिलांनी दुसऱ्याच्या घोड्यांची लीद उचलली, त्या गल्लीतून. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत आणि लगेच चैत्याचे खूर तपासायला वाकलात.

आणि मी काय केलं? मी लातूरच्या शाळेत तासिकेवर होतो. सहा वर्षं. दर जूनमध्ये कायम होईन असं सांगत होतो आणि दर जूनमध्ये तोंड लपवत होतो. संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाचं लग्न निघालं आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी बोलून गेलं की सरांच्या मामांची जोडीची बग्गी आहे. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली. मी तिथंच हो म्हणून आलो.

तुम्ही नाही म्हणालात. "दोन महिने दे मला." मी म्हणालो, लग्नाची तारीख घोड्याला विचारून काढत नसतात. तुम्ही म्हणालात, "एकटी साळू नेऊ." मी म्हणालो, जोडी म्हणून सांगून बसलोय. दोन दिवस आपला वाद चालला. शेवटी मी म्हणालो, "मामा, तुम्हाला घोड्याची काळजी आहे, भाच्याची नाही." हे वाक्य मी रस्त्याच्या कडेला, वाहतुकीच्या आवाजात हळूच बोललो होतो, पण तुमचे कानही चैत्यासारखेच. मग तुम्ही तयार झालात, पण एक अट घातलीत.

"त्याच्या तोंडाशी तू राहायचं. तोंडाचा पट्टा हातातनं सोडायचा न्हाई. त्याला तुजा वास ठावा हाय. मी बोलवू दे, का कुनी बी बोलवू दे. सोडायचा न्हाई."

मी मान डोलावली. दुसरं काहीच करायचं नव्हतं मला, मामा. पट्टा धरून चालायचं होतं.

लातुरात संध्याकाळी पाचला वरात निघाली. ऊन थेट समोर होतं. चैत्याच्या कानांत तुम्ही कापूस घातला होता, डोळ्यांना झापडं होती. अर्धा तास तो सुरेख चालला. त्याचा बाहेरचा कान माझ्याकडं आणि आतला साळूकडं, हे मला आज कळतं, तेव्हा मी ते बघितलंही नव्हतं. मी बघत होतो अध्यक्ष कुठं आहेत ते. चौकात ते थांबले, फोटोग्राफरला थांबवलं आणि हात वर करून म्हणाले, "या सर, या. तुमचा एक होऊन जाऊ द्या."

मी पट्टा सोडला. अर्ध्या मिनिटाचं तर काम, असं मनात म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो फोटो माझ्याकडं अजून आहे. मी दात दाखवून हसतो आहे, आणि मागं डोकं वर केलेला चैत्या आहे, आणि त्याच्या तोंडाशी कुणी नाही.

फोटोनंतर लगेच फटाक्यांची माळ लागली. चैत्या आडवा होऊन साळूच्या अंगावर गेला. ती सावरायला गेली, सिमेंटच्या रस्त्यावर तिचे पाय घसरले आणि ती दोन्ही गुडघ्यांवर आपटली. बग्गीचं चाक दुभाजकावर चढलं. नवरदेव खाली पडला, त्याचं मनगट मोडलं. तुम्ही मात्र जागा सोडली नाहीत. उभे राहून, लगाम छातीशी ओढून, "हो, हो, बाळा, हो" असं बोलत राहिलात. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर ती जोडी नाचणाऱ्या पोरांमध्ये घुसली असती. हे त्या चौकात कुणालाच कळलं नाही. मला कळलं होतं.

अध्यक्ष ओरडले, "ही कुणाची चूक? कोण बघत होतं?"

आणि मी बोललो. कुणी मला विचारलंही नव्हतं. "साहेब, मामांना हल्ली नीट दिसत नाही. मी सांगत होतो त्यांना, नका हाकू म्हणून. ऐकत नाहीत."

तुम्ही वरून माझ्याकडं बघितलंत. लगाम अजून तुमच्या हातात होते. त्या बघण्याचं वर्णन मला करता येणार नाही, मराठीचा मास्तर असूनही. मग तुम्ही अध्यक्षांकडं वळून म्हणालात, "हाव साहेब. दिसत न्हाई बराबर. माझीच चूक. पोराची काय चूक न्हाई, घोड्याची बी न्हाई."

पुढच्या जूनमध्ये मी कायम झालो.

मला वाटलं होतं ते तेवढ्यापुरतं असेल. घरी आल्यावर तुम्ही मला चार शिव्या द्याल, कानाखाली वाजवाल, आणि मग दोघंही ते विसरू. तुम्ही शिव्या दिल्या नाहीत. साळूच्या गुडघ्यांना हळद-तेल लावत बसलात. पण बातमी लातूरहून माझ्या आधी अर्धापुरात पोचली होती. नातेवाईक विचारपूस करायला येऊ लागले, आणि प्रत्येकाला तुम्ही म्हणालात, "व्हय, अंधुक दिसतंय." मामीनं धसका घेतला. मला हुकूम सोडला, मामांना नेत्र शिबिराला घेऊन जा.

त्या शिबिरात मी तुमच्या शेजारी उभा होतो. मुलीनं भिंतीवरच्या खुणा दाखवल्या, कुठल्या बाजूला उघड्या आहेत ते बोटानं सांगा म्हणाली. रात्री चांदण्यात साळूच्या पायातला काटा काढणारे तुम्ही, वरच्या दोन ओळी सोडून सगळी उत्तरं चुकीची दिलीत. दर वेळी आधी माझ्याकडं बघायचात आणि मग चुकायचात. मी म्हणू शकलो असतो, मामा, पुरे. गर्दी होती, रांग होती, मी घड्याळ बघितलं. आठवड्यानं तो जाड भिंगांचा चष्मा आला. चांगल्या डोळ्यांवर तो चष्मा घालून तुमचं डोकं दुखायचं आणि मामी कपाळाला बाम चोळून द्यायची.

मग एकेक गोष्ट तुमच्याकडून गेली. सायकल गेली. बाजारात एकट्यानं जाणं गेलं. वराती तर गेल्याच. मामी हात धरून तुम्हाला रस्ता ओलांडून न्यायची आणि तुम्ही जायचात. एका दुपारी मी न सांगता आलो तेव्हा तुम्ही शेडमध्ये बसून चष्मा कपाळावर सरकवून बारीक सुईत दोरा ओवत होता. पहिल्याच फटक्यात ओवलात. माझी चाहूल लागली तसे दचकलात, दोरा परत ओढून काढलात, चष्मा डोळ्यांवर घेतलात आणि सुई माझ्यापुढं धरलीत.

"ओवून दे रे सुदा. दिसंना."

शेडमध्ये आपण दोघंच होतो. कुणापासून लपवत होता तुम्ही? ज्यानं ते खोटं रचलं त्याच्याचपासून? त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला की मी दोरा ओवून न बोलता परत फिरलो. बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो. म्हातारा मला शिक्षा देतोय, असं म्हणत होतो. ती शिक्षा होती की मला उघडं पडू न देण्याची तुमची तऱ्हा होती, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता तुम्ही सांगणार नाही.

पण चैत्याला तुम्ही सोडलं नाहीत. साळू बरी झाली. गुडघ्यांवर पांढरे केस उगवले, वजन ओढायला ती निकामी झाली, पण रिकामी बग्गी घेऊन चैत्याच्या शेजारी हळूहळू चालायची. दर रविवारी मी लातूरहून यायचो, लगाम माझ्या हातात आणि तुम्ही डावीकडं बसलेले, तोंड केळीच्या बागांकडं वळवून.

"मला दिसत न्हाई. तू सांग. कान कुठं हायत?"

पहिल्या रविवारी मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, सरळ आहेत. "दोन्ही?" मग मी बघितलं. एक पुढं, एक बाजूला. "बाजूला कुठं? साळूकडं का बाहेर?" आणि जोत? ढिले की ताणलेले? शेपटी? डोकं कुणाच्या पुढं आहे? प्रत्येक पावलाला तुम्ही विचारायचात आणि मला बघून सांगावं लागायचं. चुकीचं सांगितलं की तुम्हाला कळायचं, कारण तुम्हाला दिसत होतं. तुम्ही काही बोलायचा नाहीत, फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारायचात. चार वर्षं मामा. मी आता चालत्या घोड्याचा कान बघून दोन पावलं पुढचं सांगू शकतो. वर्गातल्या पोरांचंसुद्धा मला आता जास्त दिसतं, कोण ऐकतोय, कोण घाबरलाय, कोण नुसता सोबत चालतोय. हे तुम्ही दिलंत, आणि ज्या खोट्याच्या आधारानं दिलंत ते खोटं माझं होतं. त्याबद्दल आभार कसे मानतात ते मला माहीत नाही.

एकदा तुम्ही संधीही दिली होती. गेल्या पावसाळ्यात कालव्यावर बग्गी थांबवून आपण बसलो होतो. चैत्या केळीच्या पानांत तोंड घालून उभा होता. तुम्ही चष्मा काढून धोतराला पुसत म्हणालात, "सुदा, काय बोलायचंय का तुला?" मी म्हणालो, "काही नाही मामा." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि चष्मा पुन्हा घातलात. एवढंच. माझ्या जिभेवर ते आलं होतं आणि मी ते गिळलं.

मरायच्या आधीच्या रविवारी तुम्ही चैत्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणालात, "औंदाच्या जयंतीला कंधारला नेऊ याला. तू हाक." गुरुवारी चौथा तास चालू असताना मामीचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या संध्याकाळी लोक पांगले आणि मामीनं भिंतीवर लावायला फोटो निवडायला मला बसवलं. दोन होते. एक बॅनरवरचा. दुसरा जुना, बग्गीवर बसलेला, चष्मा नाही, थेट समोर बघणारा. मी दुसरा उचलला. मामी म्हणाली, "ह्यो नको. चष्म्याबिगर ते वाटतच न्हाईत आता."

ते ऐकून माझा बांध फुटला. मी तिला सगळं सांगितलं. पट्टा, फोटो, चौक, शिबिर, सुई. ती मांडी घालून बसली होती, हलली नाही.

"म्हंजे दिसत होतं त्यांना?"

"हाव मामी."

"चार वर्सं मी त्यांच्या ताटातले माशाचे काटे काढून दिले. खाली मान घालून खायचे." मग म्हणाली, "एकदा मी लुगडं उलटं नेसले होते. ते हसले. मी म्हन्ले, कामून हसून राहिले. ते म्हन्ले, काय न्हाई, जुनं आठवलं." ती हसेल असं मला वाटलं, पण ती रडली, आणि रडताना माझ्याकडं बघितलं नाही.

मी म्हणालो, "मामी, माफ कर."

"मला सांगून तुजं हलकं झालं असंल," ती म्हणाली. "माजं झालं का? त्यांचं झालं का? ज्याच्या म्होरं बोलला होतास, त्याच्या म्होरं बोल जाऊन. तवर फोटो राहू दे तसाच."

म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावर मी अध्यक्षांच्या घरी गेलो. मामा गेले म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "कोण? अरे हां, तो आंधळा बग्गीवाला. गेला का बिचारा? आमच्याकडं अजून हसतात हो त्या वरातीवर." मी उभाच होतो. मी म्हणालो, "साहेब, ते आंधळे नव्हते. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. घोड्याला धरायचं काम माझं होतं. तुम्ही फोटोला बोलावलं आणि मी त्याला सोडून आलो. नंतर तुमच्यासमोर खोटं बोललो. त्यांनी जोडी आवरली म्हणून पोरं वाचली."

ते हसले. "बरं झालं सर, तेव्हा नाही बोललात. त्या रागात मी तुम्हाला ठेवलं नसतं. जाऊ द्या आता, बसा, चहा घ्या."

मला वाटलं होतं ते चिडतील, मला काढतील, निदान हाकलतील. तुमच्या चार वर्षांची त्यांच्या लेखी एवढीच गोष्ट होती, आणि मी जे वाचवायला खोटं बोललो ते खरोखरच त्या खोट्यानं वाचलं होतं. चहा आला. मला तो तिथंच ठेवून उठता आलं असतं. मी तो प्यालो, मामा.

आज रविवार. सकाळी अर्धापूरला आलो तेव्हा भिंतीवर बिनचष्म्याचा फोटो लावलेला होता. सोमवारी रात्री मी मामीला फोनवर 'बोलून आलो' एवढंच कळवलं होतं; त्यापुढं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चहाचं तर सांगितलंच नाही, ते इथं पहिल्यांदा लिहिलं. तिनं फक्त साजाची पिशवी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "साळू सकाळधरनं मान काढून उभी हाय."

मी जुंपलं. उजवीकडं साळू, डावीकडं चैत्या. कालव्याच्या वाटेला लागलो. वारा होता, वाळकी पानं खडखडत होती, चैत्यानं तिकडं लक्षही दिलं नाही. जोत दोन्हीकडं ताणलेले होते, त्याच्याकडचे जरा जास्तच. साळूच्या वाट्याचं बहुतेक तोच ओढत होता. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि कुणी काही विचारत नव्हतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आतला कान साळूकडं होता. बाहेरचा मागं वळलेला, तुम्ही बसायचात त्या जागेकडं. परत येईपर्यंत त्यानं तो तिथून हलवला नाही.